ताटात आलेली किल्ली

"अंडी चोरायला आलात, की कोंबडी?"

ताडपत्रीच्या आतून आवाज आला, तसं पूंगोडीने हातातलं टोक चटका बसल्यासारखं सोडून दिलं.

ती आली होती कोंबडखत सांगायला. वळ्ळियम्मा पाट्टीकडे — पाट्टी म्हणजे आजी, आणि ही तर त्या सगळ्या मळेवस्तीचीच आजी. पण पाट्टी घरात नव्हती. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं दिसलं, आणि झाकलेलं दिसलं की उघडून बघायचं ही पूंगोडीची जुनी खोड. ती सव्वीस वर्षांची झाली तरी गेली नव्हती.

"मी… खत न्यायला आलेय," ती ताडपत्रीलाच म्हणाली.

"खत आतही पुष्कळ आहे. पण विकण्यासारखं नाही."

ताडपत्री हलली आणि एक उंच मुलगा वाकून बाहेर आला. केसांत गवताच्या काड्या, दोन्ही ओंजळी अंड्यांनी भरलेल्या, आणि शर्टाच्या खिशातही एक. डोळे मात्र अगदी गंभीर. "धरा जरा," म्हणत त्याने अंडी सरळ तिच्या हातातल्या उलट्या टोपीत ठेवली. आता हिला हलताही येईना.

"मुगिलन. पाट्टीचा नातू. खाली इपोह शहरात असतो, फ्रिज दुरुस्त करतो. शनिवारी वर येतो. तुम्ही?"

पण पूंगोडीचं लक्षच नव्हतं. ताडपत्री सरकली होती, आणि धुक्यातून एक तोंड तिच्याकडे बघत होतं. नाकाजवळ चिकटलेले दोन गोल दिवे, जरा तिरळे वाटणारे. उडालेला हिरवा रंग. टपावर बसलेली लाल कोंबडी.

"ही… लँड रोव्हर?"

"होती. आता खुराडं आहे."

पूंगोडी प्रेमात पडली ती त्या क्षणी. गाडीच्या. समोरच्याने नाव विचारलंय आणि आपण सांगितलेलं नाही, हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

तिला गाडी हवी होती ती काही मिरवायला नाही. रिंगलेट गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, तिने एक टप्पा खंडाने घेतला होता आणि शेवंती लावली होती, पांढरी आणि पिवळी. फुलं सुरेख यायची. पण वर जाणारी वाट म्हणजे निसरडी लाल माती, रोज दुपारी पाऊस पडून लोण्यासारखी झालेली. तिथे चढायच्या त्या याच जुन्या गाड्या. कोबीच्या टोपल्या भरभरून सगळ्या डोंगरात त्याच तर धावत होत्या. पूंगोडीची फुलं आणायला तिच्या चुलतभावाची गाडी यायची, त्याला वाटेल तेव्हा. पहाटे कापलेली शेवंती दुपारपर्यंत वाट बघत बसायची आणि मान टाकायची.

"विकायची म्हणून ठेवलेली नाही," पाट्टी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याची आहे. पण तू स्वतः चालवणार असशील तर घे. उभं राहून वाहन म्हातारं होतं, पोरी. माणसासारखंच."

"मीच चालवणार."

"येते चालवता?"

"…येईल."

पाट्टी बोळक्या तोंडाने हसली. "एक मात्र आहे. किल्ली अशी हातात द्यायला मी काय बाजारात वांगी विकतेय? रीतीने देईन. ताटातून."

आणि इथेच सगळा घोळ झाला.

शुक्लपक्ष बघितला, राहुकाळ टाळला. पाट्टीने पितळी ताटात विडे, सुपारी, हळकुंडं, केळी, नारळ मांडला आणि मध्यभागी किल्ली ठेवून वर मोगऱ्याचा गजरा घातला. लक्ष्मी घराबाहेर जातेय, तिला उघडीबोडकी कशी पाठवायची? इकडे पूंगोडीची अम्मा पैशाचं पाकीट घेऊन आली, तिने ते ताट पाहिलं, आणि तिचा जीव खाली-वर झाला. भरलं ताट घ्यायचं आणि आपण नुसतं पाकीट पुढे करायचं? लोक काय म्हणतील? ती तशीच धावत घरी गेली. स्टीलच्या ताटात विडे, साखर, संत्री, नारळ… तरी ताट भकासच दिसत होतं! मग दिवाळीला अप्पांसाठी आणलेली जरीकाठी वेष्टी, म्हणजे धोतर, तेही तिने त्यात घडी घालून ठेवलं.

पाट्टी आणि अप्पा पूर्वेला तोंड करून उभे राहिले. ताटं इकडून तिकडे, तिकडून इकडे झाली. पाट्टीच्या मागे मुगिलन होता, कपाळावर ताजी विभूती. अप्पांच्या मागे पूंगोडी. "शुभ काम आहे, साडी नेस," असं अम्माने बजावलं होतं म्हणून निळ्या साडीत. आणि नेमकी त्याच वेळी बस गाठायला निघालेली वस्तीतली सरसू अक्का कुंपणापाशी थबकली. तिने फोन काढला.

आता त्या वस्तीतल्या लोकांत दोन घरची मोठी माणसं पूर्वेला तोंड करून ताटं बदलतात ती एकाच कामासाठी. आपण ज्याला साखरपुडा म्हणतो त्या. फोटोत किल्ली कुठे दिसणार? ती मोगऱ्याखाली होती.

सरसू अक्का तानाह राताच्या स्टँडवर उतरायच्या आत फोटो देवळाच्या ग्रुपवर पोचला होता. संध्याकाळपर्यंत पूंगोडीच्या फोनवर हात जोडलेली आणि नारळ फोडलेली इतकी चित्रं आली, की फोन गरम झाला.

"अम्मा, अगं सांग ना त्यांना!"

"मी काय सांगू? पाट्टीच्या नातवाशी? छे छे, असलं काही नाही हो, असं? म्हातारी म्हणेल, माझा नातू काय वाटेवर पडलाय?"

"अप्पा!"

अप्पांनी वर्तमानपत्र जरा वर उचललं. "आपण गाडी घेतली. पैसे दिले. बाकी मला काही माहीत नाही. माझी वेष्टी मात्र गेली."

पूंगोडीने स्वतःची समजूत घातली. तो सांगेल. मुलाला काय, एका वाक्याचं काम.

शनिवारी तो अवजारांची पेटी घेऊन तिच्या दारात हजर. गाडी तोवर ढकलत, ओढत त्यांच्या अंगणात आली होती.

"तुम्ही… सांगितलंत का लोकांना?" तिने बॉनेटकडे बघत विचारलं.

"काय?"

"तेच."

"अच्छा, ते." त्याने बॉनेट उघडलं. "मला वाटलं तुम्ही सांगाल."

"मी? मुलीने नाही म्हटलं तर लोक म्हणतील, मुलात खोट असणार."

"आणि मी नाही म्हटलं तर म्हणतील, मुलीत." त्याने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे अडकलो की आपण."

अडकलेला माणूस शीळ घालत नाही. हा मात्र आत डोकं घालून चक्क शीळ घालायला लागला. पूंगोडी बघतच राहिली. याला काही वाटत नाही? की काही वाटतं म्हणूनच…? आणि आपल्याला राग यायला हवा तो येत का नाही?

मग शनिवार येत राहिले.

हवेच्या गाळणीत उंदराचं घरटं निघालं, चहाच्या वाळक्या पानांचं, इतकं मऊ, की पूंगोडीला ते फेकवेना. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास येत होता. क्लचची तबकडी गंजून अशी चिकटली होती, की सोडवता सोडवता दोघांचे कोपर काळे झाले. पूंगोडी नवखी होती, पण विचारायला लाजत नव्हती. ही पिवळी मूठ कशाला? ही लाल कशाला? आपण हिला इतकं खालून का बघतोय?

"कारण हिचा वरचा पत्रा गंजत नाही, पण खालची चौकट गंजते. बाहेरून छान दिसणाऱ्यांचं असंच असतं."

"अनुभव दिसतोय."

"नाही. पण बाहेरून छान दिसणाऱ्यांशी आता कुठे ओळख होतेय."

ती गाडीखाली होती म्हणून बरं. गाल कुणाला दिसले नाहीत.

पुढून दांडा घालून इंजिन फिरवायची पाळी आली तेव्हा ती हट्टाला पेटली. माझी गाडी, मीच फिरवणार. दांडा एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि तिसऱ्यांदा इंजिनाने असा उलटा हिसका दिला, की ती मनगट धरून मटकन खालीच बसली.

"बावळट! अंगठा असा वळवून धरतात का? मोडला असता म्हणजे? दाखव. दाखव म्हणतो ना!"

तो गुडघ्यांवर बसला होता. तिचं मनगट त्याच्या ग्रीसच्या हातात होतं आणि तो त्यावर हळूहळू फुंकर घालत होता, लहान मुलाला घालतात तशी. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"मला… 'तू' म्हणालात तुम्ही."

"आणि बावळट म्हणालो, त्याचं काही नाही?"

"त्याचंही बघीन," ती म्हणाली. "तू आधी हात सोड."

त्याने सोडला. लगेच नाही, जरा वेळाने.

वस्ती आपली पुढे चालली होती. सरसू अक्का येऊन दागिन्यांच्या चर्चा करून गेली. ज्या बायका पूंगोडीच्या शेवंतीला नाकं मुरडायच्या, त्या 'नवऱ्याच्या घरची गाडी' म्हणून कौतुक करायला लागल्या. तिला ओरडून सांगावंसं वाटे, अहो मी विकत घेतलीय! आणि ओरडायला तोंड उघडलं की वाटे, हे सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल. पुढचं सांगितलं तर तो यायचा बंद होईल. आणि तो यायचा बंद झाला तर… गाडी राहील ना अर्धवट. म्हणून. फक्त म्हणून. असं ती स्वतःला इतक्यांदा सांगायची, की शेवटी तिचा तिलाच संशय यायला लागला.

ब्रेकचं एक सिलिंडर तेवढं उरलं. रिंगलेटला चोंग अंकलच्या सुट्या भागांच्या दुकानात ते सांगून ठेवलं होतं. अंकलने निरोप दिला, "आलंय गं, घेऊन जा." ती गेली. खोकं घेतलं. घरी आणलं. आणि फुलांच्या रिकाम्या बादल्यांमागे दडवून ठेवलं.

"आलं का?" शनिवारी त्याने विचारलं.

"नाही अजून," पूंगोडी म्हणाली, आणि चहा आणायच्या निमित्ताने आत पळाली. चूल पेटवायची सोडून ती ओट्याशी उभी राहिली. आपण हे काय केलं? ज्या गाडीसाठी एवढं केलं तिचंच शेवटचं खोकं लपवलं? फुलं तिकडे माना टाकतायत… वेड लागलंय का आपल्याला?

पुढच्या आठवड्यात ती पाट्टीकडे अंडी आणायला गेली, तर स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या भिंतीतून बोलणं ऐकू आलं.

"मग तारीख कधी काढायची रे? मी काय शंभर वर्षं जगणार आहे?"

"पाट्टी, गाडी चालू होऊ दे. तोवर तिच्याशी काही बोलायचं नाही. तूही नाही. मला वचन दे."

"आणि चालू झाली की?"

"मग मी बघतो. आहे हे असं किती दिवस चालवायचं? कधीतरी सरळ करायलाच हवं."

पूंगोडी अंडी न घेताच परतली. वाटेत धुकं होतं, म्हणून बरं. तर असं आहे! पाट्टीच्या गाडीचं काम अर्धवट सोडणं त्याला बरं वाटत नाही. काम झालं की तो लोकांना खरं काय ते सांगणार आणि मोकळा होणार. चुकीचं काय आहे त्यात? आपणही तेच नव्हतो का म्हणत?

शनिवारी तिने खोकं त्याच्यासमोर ठेवलं. "घे. आलं."

त्याने खोकं फिरवून बघितलं. एका बाजूला शेवंतीची सुकलेली पाकळी चिकटली होती. "केव्हा आलं?"

"काल."

"चोंग अंकल म्हणाले, तू कधीच नेलंस."

पूंगोडीचे कान तापले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मग तू लपवलंस का?"

ब्रेक बसवताना दोघं इतके गप्प होते, की अम्माने दोनदा दारात येऊन बघितलं. पूंगोडीच्या डोक्यात मात्र बाजार भरला होता. माहीत असून तो गप्प बसला, याचा अर्थ… पण मग त्या भिंतीपलीकडचं बोलणं? ते कुठे बसवायचं?

आणि त्या संध्याकाळी गाडी सुरू झाली. दोनदा खोकली, एकदा निळा धूर ओकली, सगळं अंगण हादरवलं आणि घुमायला लागली. अप्पा वर्तमानपत्र टाकून धावत बाहेर आले. अम्माने कानांवरून बोटं मोडली. मुगिलन हसत होता, काळ्या तोंडात पांढरे दात. पूंगोडीही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"अगं, चालू झाली! रडतेस काय?"

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, वस्तीतल्या साऱ्या गाड्या मारियम्मन देवीच्या देवळापुढे रांगेत उभ्या राहतात. धुतलेल्या, हळद-कुंकू लावलेल्या, पुढे झेंडूच्या माळा. पुजारी आरती ओवाळतो, चाकांखाली लिंबं ठेवतो, आणि लिंबं चिरडत गाडी पुढे काढली की वर्षभराची पीडा टळली. पूंगोडीची गाडी रांगेत तिसरी होती. मधल्या दिवसांत ती चालवायला शिकली होती, पण एवढ्या लोकांदेखत आज पहिल्यांदाच चालवणार होती. शेजारी मुगिलन उभा होता, पांढऱ्या शर्टात, पहिल्यांदाच ग्रीसशिवाय. आणि तिला सारखं वाटत होतं, हा आज सांगणार. आज गाडी चालू आहे.

पुजारीबुवांनी गाडीला हार घातला आणि आणखी दोन हार काढले. "या, या, ठरलेलं जोडपं पुढे या! दोघांनी मिळून बसा."

बायका हसल्या. सरसू अक्काने फोन वर केला. पूंगोडीने मुगिलनकडे बघितलं. तो तोंड उघडत होता. नको, त्याच्या तोंडून ऐकायचं नाही. आपणच त्याला मोकळं करू. निदान तेवढं तरी नीट करू.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "आमचं काही ठरलेलं नाही. ताटात गाडीची किल्ली होती. आम्ही गाडी घेतली, बाकी काही झालं नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. यांची काही चूक नाही, यांना… यांना यात बांधू नका."

अम्माने कपाळाला हात लावला. सरसू अक्काचा फोन खाली आला.

"बरोबर आहे," मुगिलन म्हणाला.

पूंगोडीने मान खाली घातली. बघ, म्हणालाच.

"ठरलेलं नाहीच. ठरेल कसं? तिला कुणी विचारलंच कुठे?" तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. गंभीर डोळ्यांचा हा मुलगा चक्क घाबरला होता. पुजारीबुवांकडून घेतलेला एक हार त्याने तसाच धरला होता. "पूंगोडी, गाडी बंद होती तोवर तुला माझी गरज होती. अडलेल्या माणसाला असलं विचारायचं नसतं. हो म्हटलं तरी ते खरं की अडचणीचं, ते कसं कळणार? काल तू घाटात एकटीने गाडी फिरवून आणलीस. आता तुला कुणाचीच गरज नाही. म्हणून आज विचारतो. मी… मला आवडतेस तू. माझ्याशी लग्न करशील?"

पूंगोडीच्या डोक्यातला बाजार एकाएकी उठला, आणि त्या मोकळ्या मैदानात तिला एक शब्द सापडेना.

"अगं बोल ना काहीतरी," पाट्टी मागून ओरडली. "उभं राहून माझे गुडघे गेले!"

"मागे सात गाड्या थांबल्यात," कुणीतरी म्हणालं.

पूंगोडी वळली, गाडीत चढली. शेजारचं दार आतून उघडलं. मुगिलन आत येऊन बसला, हार मांडीवर घेऊन. तिने गियर टाकला. चाकांखाली लिंबं फुटली, फट्, फट्, आणि देवळापुढे एकच आरोळी उठली.

"हे उत्तर नव्हे हं," ती समोर बघत म्हणाली. "मागे रांग लागली होती म्हणून."

"बरं."

"हसू नकोस."

"नाही हसत."

तिने गाडी रिंगलेटच्या वर काढली. मातीची वाट आली तशी चारही चाकांना जोर देणारी पिवळी मूठ दाबली, चढासाठीची लाल ओढली, आणि ती जुनी हिरवी गाडी चिखलातून कण्हत-कुथत चढायला लागली. काचेखालच्या फटीतून धुकं आत येत होतं. एका वळणावर मागचं चाक घसरलं. मुगिलनने पुढची दांडी घट्ट धरली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. गाडीने पुन्हा माती पकडली. वर टप्प्यावर शेवंती उभी होती, पांढरी, पिवळी, ताठ मानेची. पूंगोडीने इंजिन बंद केलं. नंतरची शांतता कानांत किती तरी वेळ वाजत राहिली.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. "तू गाडीसाठी यायचास. मी गाडीसाठी थांबायचे. मग गाडी नीट होऊ नये असं का वाटायला लागलं? आधी काय झालं, मग काय… मला तर क्रमच लागत नाही."

"मलाही लागत नाही."

"मग एवढं धिटाईने कसं विचारलंस?"

"धिटाई कसली? पाय बघ, अजून कापतायत."

तिने बघितलं. खरंच कापत होते. तिला इतकं हसू आलं, इतकं, की तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"बुधवारी ये," ती तशीच म्हणाली.

"बुधवारी? बुधवारी मला सुटी नसते."

"माहितीय. शनिवारी तू गाडीसाठी यायचास. बुधवारी ये. माझ्यासाठी."

त्याने मांडीवरचा हार उचलून हातात घेतला. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "हे उत्तर आहे का?"

पूंगोडीने मान वर केली. कपाळावर स्टिअरिंगची काळी रेघ उमटली होती, आणि डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं. या वेळी धूर नव्हता.

"हो," ती म्हणाली. "हे उत्तर आहे."